खांबाचे चार बोल्ट

“भावजी, तुमीच जावा मामांच्या वांगडा,” सुगंधा वहिनी म्हणाली. “बोल्ट मीय आणूक शकतंय. तरी तुमी जावा.”

उंडीच्या झाडाखाली ती उकिडवी बसली होती आणि ट्रॉलीच्या सांगाड्यावरचा गंज तारेच्या ब्रशानं घासत होती. तांबडी भुकटी तिच्या कोपरापर्यंत चढली होती. बोलताना तिनं मान वर केली नाही. गणपती जाऊन चार दिवस झाले होते. पावसाळाभर गढूळलेलं पाणी आता निवळू लागलं होतं आणि वाडीतल्या बाकीच्या होड्या केव्हाच त्यात उतरल्या होत्या. आमची तेवढी वर होती, ओंडक्यांवर टेकवलेली, गेले दोन हंगाम.

“मी काय निवडणार, वहिनी?”

“तुमी शिकलास. लोखंडातला तुमका कळता.” तिचा ब्रश क्षणभर थांबला. “आनी तुमी वांगडा असलास तर वाटेत कायतरी बोलणा होयत.”

कसलं बोलणं, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. न विचारणं हा माझा स्वभाव होता. त्या घरात सगळे त्याला माझा चांगुलपणा समजत.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आई गेली तेव्हा आठ वर्षांचा होतो; तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा पुंडलिक तांडेल, मला खांद्यावर बसवून या वाडीत घेऊन आला आणि मी इथलाच झालो. मामाला वाडी आप्पा म्हणे. त्याचा एकुलता मुलगा सदानंद, माझा सदादादा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. होडी त्याचीच, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी. मे महिन्याच्या अखेरीस ती ट्रॅक्टरनं ट्रॉलीवरून वर ओढायची आणि पावसाळा सरला की पुन्हा पाण्यात सोडायची. ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला एक लोखंडी खांब असतो, होडीचं नाक त्याला पट्ट्यानं आवळतात आणि तो खांब चार बोल्टांवर उभा असतो. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, होडी अर्ध्या चढावर असताना तो खांब उपटला गेला. होडी मागे घसरली. मागे सदादादा उभा होता आणि त्याच्या मागे खडक होता.

त्या दिवसापासून मामानं मुलाचं नाव उच्चारलं नव्हतं. ‘तो’ म्हणायचा. तो असा, तो तसा, त्यानं ऐकलं नाही. घरात फोटो होता, पण मामाच्या पाटाची बाजू बदलली होती; आता जेवताना त्याची पाठ फोटोकडे असे.

दोन वर्षांत वहिनी होडी चालवायला शिकली. परवाना काढून आली. पण मामा म्हणे, “तेच्या हातचा कायेक मी पाण्यात जावक देवचंय नाय. इंजिन तेना बसवल्यान. तळाक तेना जोड दिल्यान. ज्याका चार बोल्ट बघूक येवक नाय, तेच्या इंजिनार मी सुनेक बसवू?” देवगडचा एक गिऱ्हाईक होडी बघून गेला होता आणि गुरुवारी ती न्यायला येणार होता. होडी गेली की वहिनीला वेंगुर्ल्याला भावाकडे जावं लागणार होतं, भावजयीच्या हाताखाली. गणपतीचे पाच दिवस ती सासऱ्याला विनवत राहिली. शेवटी तो इतकंच म्हणाला, “मालवणाक जातंय. माका डोळे मिटून इस्वास ठेवचे असे बोल्ट गावले, तर बघू. नायतर गुरुवारी होडी गेली.”

त्या दिवशी मंगळवार होता.

एस.टी.त तो खिडकीशी बसला, मी शेजारी. तासाभराच्या प्रवासात तो तिकिटापुरतं बोलला.

“आप्पा, बाजारात काय विशेष?” कंडक्टरनं विचारलं.

“बोल्ट.”

“चार बोल्टांसाठी दोन माणसा? एक उचलूक आनी एक बघूक?”

गाडीतले दोघेतिघे हसले. मामा हसला नाही. सदऱ्याच्या खिशावर त्यानं तळहात ठेवला होता, छातीत कळ आलेल्या माणसासारखा. “मामा, बरा नाय वाटणा?” मी विचारलं. त्यानं नुसती मान हलवली आणि हात तिथंच राहू दिला. वाटेत माडांच्या फटींतून समुद्र दिसायचा आणि बुजायचा. दिसला की मी नजर खाली घ्यायचो. दोन वर्षं माझं असंच चाललं होतं. ट्रॅक्टरचा आवाज आला की मी घरात जाई. वर्कशॉपात घासून लखलखीत केलेला पोलादाचा तुकडा हाती आला की त्यात आपला चेहरा दिसेल, म्हणून मी तो पालथा ठेवी.

नाबरांचं हार्डवेअरचं दुकान मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दारात नायलॉनच्या दोरांची भेंडोळी, आत ग्रीसचा आणि नव्या लोखंडाचा थंड वास. नाबर चष्मा कपाळावर चढवून कसलीशी यादी वाचत होते.

“येवा आप्पा! किती दिसांनी!” ते म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला. “बसा. चाय सांगू?”

“चाय नको. बोल्ट व्हये. ट्रॉलीच्या खांबाचे चार, बारा एमएम. खाऱ्या पाण्यात टिकाक व्हये.”

नाबरांनी गल्ल्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेका पेटीतून एकेक बोल्ट काढून ओळीनं मांडला. “ह्ये काळे. ताकद बरी, पण खारां पाणी लागला काय म्हयन्यात तांबडे. ह्ये पिवळे, मुलाम्याचे. हळद लावल्यासारखे दिसतत, पण हळद चार दिस. आनी ह्ये राखाडी. गरम जस्तात बुडवन काढलले. रूपान कायेक नाय, पण टिकतत.”

मामानं राखाडी उचलला. नखानं आटे चाचपले, नाकाशी नेऊन हुंगला, उजेडाकडे धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. असं बराच वेळ चाललं.

“आप्पा,” नाबर म्हणाले, “बोल्ट घेतास काय चेडवाक न्हवरो बघतास?”

मामाच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग त्यानं पिवळ्यांच्या पेटीतला नट उचलून राखाडी बोल्टावर फिरवायला घेतला. तो अडला.

“तसो नाय बसाचो. राखाड्याचो नट राखाड्याच्याच पेटयेतलो घेवचो लागता. जस्ताचो थर जाड, म्हणान नटाचे आटे वायच मोठे काडतत.”

“डोक्यावरचो आकडो पण बघ, मामा,” मी हळूच म्हटलं. “आठ पॉइंट आठ असाक व्हयो. खांबावर वढ येता.”

“शिकललो भाचो असा तुमचो,” नाबर म्हणाले. “आनी भारीतलो माल बघूचो तर ह्यो बघा, एसएस. ह्येका गंजच नाय.” त्यांनी चौथा बोल्ट कागदावर ठेवला. दुकानातल्या अंधारातही तो उजळला.

मामा त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं खिशात हात घातला आणि रुमालाची पुरचुंडी काढून गल्ल्यावर उलगडली. आत तसाच एक बोल्ट होता. नट, वायसर, सगळं जागच्या जागी. नव्या बोल्टाच्या शेजारी ठेवला तर कोणता नवा हे सांगता येऊ नये.

“ह्यो तसलोच मा?”

नाबरांनी चष्मा खाली घेतला. “तसलोच. पण ह्यो बरो असा की, आप्पा. बदलतास कित्याक?”

“ह्यो त्या दिवसाचो,” मामा म्हणाला. “चार होते. चारय वाळयेत गावले. एकाकय कायेक झाला नाय.”

दुकानात एक माणूस खिळे मोजून घेत होता. तो थांबला आणि दोरांच्या भेंडोळ्यांकडे तोंड करून उभा राहिला.

नाबरांनी बोल्टावरून अंगठा फिरवला. मग शब्द निवडत, हळूहळू बोलू लागले. “आप्पा, ह्येका कायेक होणा नाय, ता खरा. पण साध्या लोखंडात ह्यो बसवलो आनी खारां पाणी लागला, काय शेजारचा लोखंड आदी जाता. ह्यो आपण तसोच रवता. ट्रॉलयेक रंग मारी होतास?”

“दरवर्सा. दोन हात.”

“थंयच. खंयतरी रंग खरवडललो असतलो. सगळो गंज त्या एका जाग्यार येता. आतल्या आत. वरसून बघलास तर सगळा नवा.”

मामानं मान हलवली, जणू कोणीतरी त्याच्या मनातलंच वाचून दाखवलं होतं. “आमचे आदी काळेच होते. मोरी माशाचा तेल लावी होतंव, दोन वर्सांनी बदली होतंव. गंजलो काय बोल्ट आपणच सांगता, माका काड म्हणान. ह्यो सांगूकच नाय.” त्यानं रुमालातला बोल्ट बोटानं ढकलला. “तो माका म्हणालो, आप्पा, आता तेल नको, बदलूक नको, जल्मभर बघूक नको. चमकणाऱ्या वस्तीचा तेका याड. बापाशीचा ऐकाक नाय. आनी तेच हात इंजिनाक लागलत.”

त्यानं रुमालाची गाठ पुन्हा बांधली. वर्तमानपत्रावरचे चारही बोल्ट त्यानं हळूच नाबरांकडे सरकवले.

“ऱ्हवांदे, शेट. बोल्ट चांगले असत, माझाच मन होणा नाय. खांबाचे बदलीन, पण तेच्या हातचा बाकी सगळा खंयसून बदलू? गुरुवारी देवगडचो येतलो. होडी जावंदे तेच्या वांगडा.”

तो दाराकडे वळला.

आमच्या वाडीत एक रीत आहे. होडी वर ओढण्याआधी ट्रॅक्टरवाला हाक देतो, “पानो कोणाचो?” ज्यानं पाना फिरवून ट्रॉलीचे बोल्ट आवळले असतील त्यानं “माझो” म्हणायचं आणि होडीच्या मागे, पाण्याच्या अंगाला जाऊन उभं राहायचं. आपण आवळलेल्या बोल्टांखाली आधी आपला जीव ठेवायचा, मगच दुसऱ्यांनी हात लावायचा. या रीतीमुळे आमच्याकडे बोल्ट कुणी निष्काळजीपणे आवळत नाही. त्या मे महिन्यातही हाक आली होती. सदादादा “माझो” म्हणाला आणि कमरेभर पाण्यात जाऊन उभा राहिला. म्हणून खांब कोणाच्या हातचा, हा प्रश्न वाडीत पुन्हा कोणाला पडलाच नाही. उत्तर सगळ्यांनी ऐकलं होतं.

“मामा,” मी म्हटलं.

तो थांबला नाही. उंबरठ्यावर त्याचा एक पाय बाहेर पडला होता.

“मामा, ते बोल्ट माझे. कोल्हापुरासून मी आणलेले. पानोय माझोच होतो.”

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कंटाळा होता, लहान मुलाच्या थापेवर येतो तसा.

“मेलल्याक वाचवक नको बघू, झिला. तेना आपल्या तोंडान सांगल्यान माका.”

“तेना खोटा सांगल्यान.”

“कित्याक सांगात?”

मी ते सांगू लागलो. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता. मी सतरा वर्षांचा होतो, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. कोल्हापुरात वर्कशॉपात तो न गंजणारा धातू मी पहिल्यांदा हाताळला आणि त्यानं मी भारून गेलो. समुद्राला न घाबरणारं असं काहीतरी जगात आहे याचंच मला अप्रूप वाटलं, कारण मी स्वतः समुद्राला फार घाबरत असे. दिवाळीच्या सुट्टीत चार बोल्ट घेऊन आलो. मामा बाजारला गेला होता. मी ट्रॉलीखाली शिरलो आणि जुने काळे बोल्ट काढून टाकले. सदादादा होडीच्या काठावर बसून मजा बघत होता. “काय इंजिनेरसायब,” तो म्हणत होता, “सोन्याचे गावले नाय काय?” संध्याकाळी मामा आला आणि गरजला, ही रुप्याची थेरं कोणी केली? मी तोंड उघडण्याच्या आत सदादादा म्हणाला, “मी.” तेल नको, बदलायला नको, ही सगळी माझी वाक्यं होती, ती त्यानं माझ्या पुढ्यात बापाला ऐकवली. मग मला विहिरीकडे नेऊन म्हणाला, “तुका पोवाक येणा नाय. मे म्हयन्यात पाण्यात पाठी उभो रवतलंस? वाडी हसतली. गप रव.”

मी गप्प राहिलो. त्यानंतर तीनदा होडी वर आली. तीनदा हाक आली आणि तीनदा तो माझ्या जागी जाऊन उभा राहिला.

मामा माझ्याकडे पाहत होता, पण ऐकत होता की नाही कळत नव्हतं. त्याला खरं वाटत नव्हतं. खरं वाटू नये, असंही त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग मी त्याला ती गोष्ट सांगितली जी आवळणाऱ्यालाच ठाऊक असते.

“मागच्या उजव्या भोकात बोल्ट जाय नाय होतो. भोक जुळणा नाय होता. मी गोल कानशीन ता मोठा केलंय. आतलो रंग खरवडलो. तो मी परत लावक नाय, मामा. वर वायसर घातलंय आनी झाकून टाकलंय.”

मामानं दाराची चौकट धरली. खांबाखालची फाटलेली पट्टी दोन वर्षं आमच्या पडवीत होती. तो रोज तिच्यासमोर बसत असे. तिच्यावरची चारही भोकं त्याला स्वतःच्या बोटांसारखी पाठ होती आणि मागचं उजवं भोक पहिलं फाटलं होतं, हे त्यानंच पंचांना दाखवलं होतं. ते भोक गोल नव्हतं. एका बाजूला कानशीच्या खुणा होत्या. त्या त्याला दिसल्या असतील. त्या खुणा करणारा हात मात्र त्यानं सदादादाचा धरला होता.

“तो थंय पाण्यात उभो रवलो,” तो म्हणाला, “तेव्हा तू खंय होतंस?”

“ट्रॅक्टराकडे.”

“हाक ऐकलंस?”

“ऐकलंय.”

त्यानं मला मारावं असं मला वाटत होतं. नाबरांच्या गल्ल्यावर हातोडे होते, साखळदंड होते. दोन वर्षं मी या घटकेची तालीम केली होती आणि प्रत्येक तालमीत तो मला मारी, किंवा जवळ घेई. त्यानं दोन्ही केलं नाही. तो बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसला. त्याच्या दृष्टीनं मी तिथं उरलोच नव्हतो. पुढे जे झालं ते त्याच्यात आणि त्याच्या मुलात झालं. मी ते केवळ पाठीमागून पाहिलं.

“सदा,” तो म्हणाला.

समोर गटार होतं, त्यापलीकडे मासळीबाजाराची मागची भिंत होती आणि तिच्यावर दोन कावळे बसले होते.

“सदा रे. दोन वर्सा मी तुझो म्हाळ घालूक नाय. एक पान ठेवक नाय तुझ्या नावान. आपल्या हातान मेलो म्हणालंय मी. सगळ्यांच्या पुढ्यात म्हणालंय. तुझ्या बायलेपुढे म्हणालंय.”

नाबर आत पेट्या लावण्याचं नाटक करत होते. खिळेवाला पैसे न देताच निघून गेला होता. मी राखाडी बोल्टांकडे पाहत उभा होतो. मला रडू येत नव्हतं. वहिनी सकाळी ट्रॉली घासत म्हणाली होती ते वाक्य तेवढं आठवत होतं आणि ते आता लख्ख कळत होतं. तिला ठाऊक होतं. सदादादानं तिला केव्हाच सांगितलं असणार. पण नवऱ्याची बाजू घेणाऱ्या विधवेचं बोलणं सासऱ्याला खरं वाटलं नसतं. ते माझ्याच तोंडून यायला हवं होतं. दोन वर्षं तिनं मला जेवायला वाढलं होतं, आणि वाट पाहिली होती.

मामा आत आला तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते.

“शेट, राखाडी चार द्या. नट तेच्याच पेटयेतले. आनी चाकांच्या आसाचे यू-बोल्ट असत ते पण राखाडीच.” त्यानं चारही बोल्ट स्वतः निवडले. प्रत्येकाच्या डोक्यावरचा आकडा बोटानं चाचपला. प्रत्येकावर त्याचा नट पुरता खाली नेऊन वर आणला. यात त्याला घाई नव्हती. माझं मत त्यानं विचारलं नाही. पिशवी नाबरांनी माझ्या हाती दिली. मामानं ती माझ्याकडून घेतली नाही आणि मला राहू दे असंही म्हणाला नाही.

“इंजिन कोणा दुसऱ्याक दाखवन घ्या, आप्पा,” नाबर म्हणाले. “दोन वर्सा बंद असा.”

“तेल बदललंय काय झाला,” मामा म्हणाला. “सदाच्या हातचा असा ता.”

परतीच्या गाडीत जागा होत्या. मी एका बाकड्यावर बसून त्याच्यासाठी सरकलो. तो माझ्या पुढच्या बाकड्यावर जाऊन बसला, एका अनोळखी म्हातारीच्या शेजारी. तिच्या मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली अबोलीची रोपं होती. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत तो गप्प होता. मग तिनं काहीतरी विचारलं, बहुधा उतरायचं कुठं, आणि तो बोलू लागला.

दोन वर्षांत मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. सदानंदचं नाव तो पुन्हा पुन्हा घेत होता, उपाशी माणूस घासामागून घास घेतो तसं. सदाच्या हाताला किती गुण होता. नादुरुस्त इंजिनाला कान लावून सदा दुखणं कसं सांगे. पितृपंधरवड्यातला म्हाळ जवळ आलाय, यंदा त्याच्या आवडीचं सगळं करायचं, सुनेला आजच सांगायचं. आणि म्हाळ उरकले की घटस्थापनेला होडी पाण्यात. सून चालवणार. कशाची भीती नाही. गुरुवारी कोणीएक येणार आहे, त्याला चहा पाजून परत पाठवायचं.

“बरी असा हो सून तुमची,” म्हातारी म्हणाली. “होडी चलयता म्हणजे खराच धीराची.” मग ती रोपं सावरत मागे वळली. मी तिच्या दृष्टीला पडलो. मांडीवर पिशवी, पिशवीतून बोल्टांचा राखाडी रंग डोकावणारा. “आनी ह्यो पाठी बसललो? ह्यो तुमचो धाकटो काय?”

मामा वळला. इतका वेळ त्यानं माझ्याकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, पुष्कळ वेळ, तपासल्यासारखं. पूर्वी वाडीत कोणी नवखं आलं की तो आम्हा दोघांना खांद्यांना धरून पुढे करी आणि म्हणे, “माका दोन झील. एक घरातलो, एक बहिणीन दिललो.” ते ऐकताना सदादादा माझ्याकडे बघून डोळे मिचकावी.

“नाय,” मामा म्हणाला. “माका एकच.”

म्हातारी ‘असा काय’ म्हणाली आणि पुन्हा पुढे वळली. या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. वहिनीची होडी दर हंगामात पाण्यात जाते, असं ऐकतो. मी तिथं असत नाही. त्या दिवशी मात्र गाडी वळणं घेत चालली होती, पिशवीतले बोल्ट एकमेकांवर हळू आदळत होते आणि मामा तिला सांगत होता की सदा चार वर्षांचा असताना एकदा धक्क्यावरून आपणच पाण्यात उडी मारून पोहायला शिकला. कोणी शिकवलं नाही, मी वर उभा राहून नुसता बघत होतो, तो म्हणाला. ही गोष्ट मी त्या घरात चौदा वर्षं राहून कधी ऐकली नव्हती. मी पुढे वाकलो. गाडीच्या आवाजात शब्द हरवू नयेत म्हणून समोरच्या बाकड्याची दांडी धरून, त्याच्या पाठीशी कान नेऊन, मी ती शेवटपर्यंत ऐकली.